लायब्ररीत पाठवीन हं!

ग्रंथालय, शालेय (हेही पाहा: अडगळ)

ही हकिकत मी कार्डांवर लिहितो आहे. सवय, दुसरं काय! आयुष्यभर पुस्तकांची कार्डं केली, आता स्वतःवर पाळी आली. नियमाप्रमाणे कार्डं अकारविल्हे लावायला हवीत. पण माणसाच्या वाट्याला आलेल्या गोष्टी अकारविल्हे येत नाहीत, त्यामुळे घडल्या तशाच ठेवल्या आहेत. एखादा ग्रंथपाल हे वाचत असेल तर त्याने थोडा वेळ डोळेझाक करावी.

मी एका शाळेचा ग्रंथपाल आहे. शाळेला सुसज्ज ग्रंथालय आहे, असं शाळेच्या माहितीपत्रकात चित्रासह छापलेलं आहे. चित्र दुसऱ्या शाळेचं आहे. आमची खोली दुसऱ्या मजल्याच्या अगदी टोकाला. तिच्यात काय नाही? पाय गेलेले बाक आहेत, बँडपथकातला फुटका ढोल आहे, कुठल्याशा नाटकातला पुठ्ठ्याचा राजवाडा आहे, विज्ञानाच्या खोलीतून हात निखळल्यामुळे विश्रांतीसाठी आलेला सांगाडा आहे. आणि या सगळ्यांच्या पाठीमागे, कपाटांत, पुस्तकं आहेत. शाळेत कुठलीही वस्तू निकामी झाली की आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणतात, "लायब्ररीत ठेवा." माझी नेमणूक झाली तेव्हाही त्या हेच म्हणाल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा असतो. तो गणिताचे सर घेतात. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा माणूस येऊन "ही खुर्ची रिकामीच आहे ना?" असं विचारतो आणि आपण 'हो' म्हणायच्या आत ती उचलतो, तसा ते माझा तास उचलतात. फार सभ्य माणूस. दर वेळी विचारतात.

तरी काही मुलं यायची. गृहपाठ न केलेली, कवायत चुकवणारी, उशीर झाल्यामुळे वर्गात जायला घाबरणारी. कपाटांच्या मागे दडून बसायची. दडून बसलेल्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं, आणि हाताशी पुस्तकांखेरीज काही नसतं. मग हळूच विचारायची, "सर, पाणबुडीतल्या माणसांना पाऊस पडलेला कळतो का?" मी सांगायचो. ती पुढचं विचारायची. दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते एवढंच. नाही म्हणायला संध्याकाळी घरी कुकरची शिट्टी होते, तेव्हा मी स्वयंपाकघराकडे तोंड करून "आलो, आलो!" म्हणतो. पण त्याला संभाषण म्हणता येणार नाही. कुकर पुढचं विचारत नाही.

तर एके दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं.

"सर, तुमची खोली आपल्याला निकालवर्धन वर्गासाठी लागणार. नवीन वर्षापासून."

"आणि ग्रंथालय, बाई?"

"कपाटं जिन्याखाली बसतात. मापं घेतलीत मी."

"आणि मी?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी जिन्याखाली बसतो का, याचा अंदाज घेत असाव्यात. "तुम्ही ऑफिसात. ओळखपत्रांना फोटो चिकटवायला माणूस हवाच आहे."

मी म्हणालो, "बाई, निकाल वाढवायचा तर ग्रंथालय मोठं करायला हवं. वाचणाऱ्या मुलाला सगळेच विषय सोपे जातात."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग दाखवा सिद्ध करून."

हे त्यांनी, समोरचा माणूस मुकाट्याने उठून जावा म्हणून म्हटलं होतं. मी उठलो. मुकाट्याने जायचं तेवढं राहिलं.

शेजारी (हेही पाहा: सल्ला, न मागितलेला)

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. आकडेवारीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण आकडेवारी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणतात. "बरं आहे का?" असं विचारलं तर "ऐंशी टक्के" असं उत्तर देतात.

"भावनेनं काही होत नाही हो," टक्केसाहेब जिन्यातच मला अडवून म्हणाले. "कोणता मुलगा किती वेळा लायब्ररीत आला, आणि त्याला मार्क किती पडले, एवढं आणून द्या. पुढचं माझ्यावर सोडा. तुमच्या मोठ्या बाई हात जोडतील."

ताईचा फोन आला. ताई माझ्याहून मोठी आहे आणि लांबच्या गावी असते. तिला सगळं सांगितलं.

"तू कशाला भांडतोस?" ताई म्हणाली. "फोटो चिकटवायचं काम बसून असतं. पंखा असेल. चार माणसं असतील आजूबाजूला."

"ताई, ती ऑफिसातली माणसं. ती विचारत नाहीत काही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणबुडी वगैरे."

मग ताई म्हणाली, "तू जेवतोस ना रे नीट?"

पत्नी

(हे कार्ड जागेवर नाही.)

भाषण, ग्रंथालयाच्या बाजूने: पहिलं

पालकसभेत बोलायची मी परवानगी मागितली. मोठ्या बाईंनी उदार मनाने शेवटी वेळ दिला, म्हणजे आभारप्रदर्शनही झाल्यानंतर. भाषणाची तयारी मी आरशासमोर केली होती. आरशातल्या माणसाला ते पटलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या चित्रकलेच्या बाईंनी माझी ओळख 'आपल्या प्रयोगशाळेचे सहायक' अशी करून दिली. मी दुरुस्ती करायला माइकजवळ तोंड नेलं, तेव्हा माइक बंद झाला होता. तरीही मी बोललो. वाचणाऱ्या मुलाचं मन कसं फुलतं, प्रश्न कसा नीट समजतो, उत्तर स्वतःच्या शब्दांत कसं येतं, हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगितलं. माझा आवाज मुळात ग्रंथालयात घडलेला आहे. तिसऱ्या रांगेपलीकडे तो कधी गेलेला नाही.

पहिल्या रांगेतले एक वडील उठले. "सर, परीक्षेत या पुस्तकांवर प्रश्न येतो का?"

"थेट येत नाही, पण..."

"मग नको. आहे तेच पुस्तक वाचून होत नाही आमच्याकडे."

टाळ्या झाल्या. त्या त्यांना होत्या. एक आई मात्र जाताना माझ्याजवळ मुद्दाम थांबली. मला भरून आलं. ती म्हणाली, "प्रयोगशाळेतल्या ॲसिडचं तेवढं बघा हो. मुलाच्या शर्टाला भोकं पडलीत."

कार्यालय, सरकारी (पाहा: फर्निचर)

शाळा ऐकत नाही म्हणून मी वरच्या कार्यालयात गेलो. तिथे ग्रंथालयांचं टेबल कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. फिरता फिरता एका खिडकीजवळच्या कारकुनापाशी पोचलो. त्याच्या डोक्यावर 'फर्निचर' अशी पाटी होती.

"शालेय ग्रंथालय ना? बसा. माझ्याकडेच येतं."

"इथे? फर्निचरमध्ये?"

"कपाटं कशात धरणार मग? बोला, कपाटं किती कमी पडतात?"

"कपाटांचा प्रश्न नाही. मुलांच्या वाचनाचा आहे."

कारकून सहानुभूतीने हसला. "वाचन माझ्याकडे नाही. वाचनाचं टेबल आहे. हवं असेल तर लिहून घेतो, स्टूल आणि पंखा सोबत."

"मग वाचन कुणाकडे येतं?"

त्याने खरोखर विचार केला. शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने पलीकडच्याला. सगळ्या खोलीत प्रश्न फिरला आणि उत्तराशिवाय परत आला. माणसं वाईट नव्हती. मला चहा दिला. निघताना कारकून म्हणाला, "आमच्या शाळेत होती हो एक लायब्ररी. बाहेरून फार चांगली दिसायची."

टक्के

आता टक्केसाहेबांचाच मार्ग उरला. कपाटामागे दडणाऱ्या मुलांची मी आल्यागेल्याची नोंद ठेवायचोच. मार्क शिक्षकखोलीतून मिळाले. टक्केसाहेब आठवडाभर खपले आणि एका संध्याकाळी स्वतः खाली आले. इतक्या दिवसांनी दारावर कुणाची थाप पडली म्हणून मला जो आनंद झाला, तो त्यांचा चेहरा पाहून मावळला.

"काय निघालं?"

"निष्कर्ष अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "शंकेला जागाच नाही. असा स्वच्छ निष्कर्ष मला नोकरीतही कधी मिळाला नव्हता."

"मग?"

"तुमच्या ग्रंथालयामुळे मुलं नापास होतात."

मी खाली बसलो.

"जो जास्त येतो त्याला कमी मार्क. जो कधीच येत नाही तो पहिला."

"अहो, पण ती मुलं नापास व्हायला लागली म्हणून माझ्याकडे येतात! माझ्याकडे आल्यामुळे नापास नाही होत!"

"आकड्यांना आधी आणि नंतर कळत नाही," टक्केसाहेब म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वर गेले. तो हात मात्र मला बराच वेळ जाणवत होता. बरा वाटत होता.

मी ते कागद फाडायला हवे होते. पण ग्रंथपालाला कागद फाडता येत नाही, हा त्याच्या हातांचा दोष आहे. मी ते प्रामाणिकपणे मोठ्या बाईंपुढे ठेवले.

बाईंनी चष्मा चढवला. वाचलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पसरला, की मीच दचकलो.

"सर, हे तर फार सोपं आहे! जी मुलं येतात त्यांच्यामुळे आकडे बिघडतात ना?"

"तसं म्हणता येईल, पण..."

"मग त्यांना येऊ देऊ नका. फक्त पहिल्या नंबरांच्या मुलांना प्रवेश. झालं सिद्ध!"

आदर्श

तसंच झालं. दारावर फलक लागला: 'केवळ गुणवंतांसाठी.' आकडे महिन्याभरात फिरले. टक्केसाहेबांनी पुन्हा हिशेब मांडला: ग्रंथालयाचे सभासद असलेल्या मुलांपैकी नापास कुणीही नाही. बाईंनी तो अहवाल वर पाठवला. वरून एक अधिकारी आले, त्यांनी अहवाल वाचला, खोलीकडे दारातूनच पाहिलं आणि 'आदर्श ग्रंथालय' अशी पितळी पाटी देऊन गेले. काचेची कपाटं आली. वाचनाचं टेबल आलं, स्टूल आणि पंखा सोबत.

मी जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. खोली वाचली. निकालवर्धन वर्ग तळमजल्यावर गेला. शिक्षकखोलीत सर्वांनी माझं अभिनंदन केलं. गणिताचे सर म्हणाले, "पेढे कधी?" आणि त्या आठवड्याचा तास घेऊन गेले.

एकांत (पाहा: आदर्श)

गुणवंतांना वेळ नव्हता. शाळा सुटली की एक शिकवणी, ती सुटली की दुसरी. फोटो काढायच्या दिवशी तेवढी आली, हातात पुस्तकं धरून उभी राहिली आणि फोटो होताच ती टेबलावर ठेवून पळाली. एकाने तर पुस्तक उलटं धरलं होतं. पाटीला शोभा यावी म्हणून अडगळही हलवली. ढोल गेला, राजवाडा गेला. सांगाड्याला न्यायला शिपाईमामा आले तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या की."

"मोठ्या बाईंनी सांगितलंय."

"तो कुणाला त्रास देत नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग सांगाड्याकडे पाहिलं. तो खांद्यावर टाकला आणि गेले. त्याचा निखळलेला हात खाली पडला होता. तो मी धावत जाऊन जिन्यात दिला.

त्यानंतर खोलीत मी एकटा. पुस्तकं काचेमागे. मी रोज सकाळी काचा पुसायचो. पुसताना काचेत एक माणूस दिसायचा, तोही पुसत असायचा. फलक वाचून परत फिरणाऱ्या मुलांची पावलं ऐकू यायची, दारापर्यंत येऊन थांबणारी. एकदा मी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. फक्त पायऱ्यांवरून कुणीतरी घाईने उतरत होतं.

त्या दिवशी घरी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी काहीच म्हणालो नाही.

वऱ्हांडा

मग एके दुपारी मी वऱ्हांड्यातून चाललो होतो. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एकदोन मुलं उभी होती, वर्गाबाहेर काढलेली. कुणी अंगठे धरून, कुणी भिंतीकडे तोंड करून. माझीच जुनी माणसं! गृहपाठ न केलेली, उशिरा आलेली. गणिताच्या वर्गाबाहेर दोन वेण्यांची एक मुलगी होती. फार बोलते म्हणून सगळी शाळा तिला रेडिओ म्हणायची. मला पाहून ती भिंतीला सांगावं तसं हळूच म्हणाली, "सर, सांगाडा बरा झाला का?"

माझा स्वाभिमान मला फार प्रिय आहे. तो मी काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा जपतो. पण त्या क्षणी मी गणिताच्या वर्गात शिरलो.

"सर, या मुलांना बाहेर उभं करून काय होतं? वऱ्हांड्यात गंमत बघत बसतात."

"मग काय करू?"

"माझ्याकडे पाठवा. पंखा नाही लावणार. बोलू देणार नाही. हातात एक जाडजूड पुस्तक देईन आणि घंटा होईपर्यंत वाचायला लावीन."

गणिताच्या सरांचे डोळे चमकले. "घंटा होईपर्यंत? पूर्ण पुस्तक?"

"पूर्ण."

"बापरे!" ते म्हणाले, आणि वर्गाकडे वळून गरजले, "ऐकलंत ना? यापुढे दंगा केला तर सरळ लायब्ररीत!"

वर्ग चिडीचूप झाला. आयुष्य ज्या शब्दासाठी घालवलं, त्याचा पोरांनी असा धसका घेतला. पण मी चेहरा कठोर ठेवला आणि बाहेर आलो.

शिक्षा

बातमी शिक्षकखोलीभर झाली. दुसऱ्या दिवसापासून मुलं येऊ लागली. दारावरचा फलक तसाच होता, पण शिक्षेला कुणी प्रवेश म्हणत नाही. काही रडत यायची. एका मुलाला दोघांनी धरून आणलं. मी दारात उभा राहून डोळे वटारायचो, दार लावायचो, पंखा लावायचो आणि काचेची कपाटं उघडायचो. "जाड हवं का बारीक?" असं कुजबुजत विचारायचो. पहिल्या दिवशी सगळी दाराकडेच बघत होती. यात काहीतरी डाव आहे, असंच त्यांना वाटत होतं.

रेडिओला मी ज्वालामुखींचं पुस्तक दिलं. घंटा झाली तरी तिचं लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी ती पुन्हा हजर.

"आता काय केलंस?"

"भूगोलाच्या बाईंना विचारलं, समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी असला तर तो विझत का नाही? त्या म्हणाल्या, पुस्तकात आहे तेवढंच बोल. मी म्हटलं, पुस्तकातच आहे, दुसऱ्या. मग पाठवलं."

एकदा आत हशा पिकला असताना नेमक्या मोठ्या बाई बाहेरून चालल्या होत्या. दार उघडून म्हणाल्या, "शिक्षा भोगताना हसतात?"

"वेदना असह्य झाल्या की होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

मुलांनी ताबडतोब रडके चेहरे केले. वाचनाने समज वाढते, याचा मला मिळालेला हा पहिला पुरावा. तो टक्क्यांत बसवता येत नाही.

बाहेर मात्र ग्रंथालयाची अब्रू गेली ती गेलीच. माझ्या घरासमोरच्या गल्लीत एक आई जेवत नसलेल्या पोराला म्हणताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "जेवतोस की लायब्ररीत पाठवू?" पोराने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातला घास गिळला.

भाषण, ग्रंथालयाच्या बाजूने: दुसरं

या मुलांचीही ये-जा नोंदली जात होती, त्यामुळे आकडे पुन्हा कोसळले. वरून माणूस आला आणि पितळी पाटी काढून घेऊन गेला. स्क्रू मात्र ठेवून गेला. मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत सर्व शिक्षकांची सभा बोलावली आणि विषय थेट मांडला: कपाटं जिन्याखाली, खोली निकालवर्धन वर्गाला, सर ऑफिसात.

दोन भाषणं करण्याइतका माझ्यात दम नव्हता. मी मनात फोटो चिकटवायला सुरुवात केली होती.

तेव्हा गणिताचे सर उठले.

"बाई, हे चालणार नाही!" त्यांचा आवाज मैदानापर्यंत जातो. "ग्रंथालयाशिवाय शाळा? कल्पना तरी करवते का? लायब्ररी आहे म्हणून ही शाळा उभी आहे! एकेका वर्गाला वेगळी लायब्ररी पाहिजे, असं मी म्हणतो. लायब्ररीचा तास आठवड्यातून एकदा? रोज पाहिजे, रोज!"

शिक्षकांनी बाक वाजवले. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडच्या त्या बडबडीला मी कुठे पाठवू मग?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "आणि सर तिथेच हवेत. त्यांच्याशिवाय ते कुणाला जमणार नाही." त्यांनी या वेळी मला ग्रंथपाल म्हटलं.

अशी भाषणं ऐकण्यासाठी मी अख्खी नोकरी कान टवकारून बसलो होतो. शब्द अगदी तेच होते, माझ्या आरशासमोरचे. फक्त शेवटी सर म्हणाले, "नाहीतर मुलांना धाक कसला राहील?"

मोठ्या बाई सगळ्या खोलीच्या विरोधात जाणाऱ्या नव्हत्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लायब्ररी राहील. पण कडक ठेवा, सर."

"अगदी कडक," मी म्हणालो, आणि कुणाला माझा चेहरा दिसायच्या आत बाहेर पडलो.

बाक

मधली सुट्टी संपायची होती. मैदानावरचा गोंगाट वरपर्यंत येत होता. शिक्षा घंटेबरोबर संपते, त्यामुळे खोली रिकामी असणार, हे मी धरून चाललो होतो. काचा पुसायचं फडकं घेतलं.

रेडिओ तिथेच होती. खिडकीजवळच्या लांब बाकावर मांडी घालून, मांडीवर पुस्तक.

"गेली नाहीस खेळायला?"

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"आम्हाला शिक्षा एकेका तासाची असते." तिने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "तुम्ही तर रोज असता. दिवसभर. तुम्ही एवढं काय केलं होतं?"

माझ्या ओठांवर पदवी आली, नेमणूक आली, मघाचं ते गणिताच्या सरांचं भाषण आलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी खरी काळजी होती, की ते सगळं मी परत जागेवर ठेवून दिलं.

"काही नाही केलं," मी म्हणालो. "मला इथे बरं वाटतं."

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला. तिला तेवढा हळू आवाज काढता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मला पण," ती म्हणाली. "पण कुणाला सांगू नका सर. पाठवायचं बंद करतील."

आणि बाकावर थोडी सरकली.

मी फडकं ठेवलं आणि बसलो.